वाचकांचे प्रश्न : जपानमधील रामेनच्या दुकानात

साकुराच्या, म्हणजे चेरीच्या बहराच्या, हंगामात जपानला जाणाऱ्या वाचकांच्या पत्रांत मंदिरे आणि बुलेट ट्रेन यांच्याइतकीच चौकशी जेवणाची असते, आणि तीही महागड्या उपाहारगृहांची नव्हे, तर स्टेशनाबाहेरच्या गल्लीतील रामेन (रश्श्यातील नूडल्स), सोबा (कुट्टूच्या पिठाच्या नूडल्स) आणि उदोन (गव्हाच्या जाड नूडल्स) यांच्या लहान दुकानांची. या अंकात तेवढेच प्रश्न घेतले आहेत. सुशीविषयी विचारणाऱ्यांनी कृपया पुढील अंकापर्यंत धीर धरावा.

प्रश्न : रामेनच्या दुकानात शिरताच दाराजवळ एक यंत्र असते, त्यावर तीस-चाळीस बटणे असतात आणि सगळे जपानीत लिहिलेले असते, असे मुलाने कळवले आहे. मागे रांग उभी असताना माझ्यासारख्या साठीच्या माणसाने तिथे काय करावे? (ठाणे)

उत्तर : ते कुपनाचे यंत्र आहे. आधी पैसे टाकायचे, मग पदार्थाचे बटण दाबायचे, खाली पडलेले कुपन उचलायचे आणि उरलेली रक्कम परत मिळवण्यासाठी बाजूचा खटका फिरवायचा किंवा परताव्याचे बटण दाबायचे, एवढाच त्याचा क्रम आहे. गोंधळ होतो तो बहुधा पहिल्याच पायरीवर, कारण जुन्या यंत्रांत पैसे टाकल्याशिवाय बटणांचे दिवे लागत नाहीत आणि नवखा माणूस बटण दाबत उभा राहतो. कोणता पदार्थ घ्यावा हे ठरत नसेल, तर डावीकडील सर्वांत वरचे बटण दाबावे. दुकानाचा मुख्य, ज्यावर त्याचे नाव चालते असा वाडगा बहुतेक ठिकाणी तिथेच असतो. त्याच्या शेजारची बटणे त्याच वाडग्याच्या वाढीव आवृत्त्यांची असतात : जास्त मांस, मुरवलेले अर्धकच्चे अंडे किंवा सगळेच थोडे थोडे. खालच्या ओळींतील लहान बटणे भात, ग्योझा (मोमोसारखा सारण भरलेला पदार्थ), बिअर आणि जादा नूडल्सची असतात.

पैशांची तयारी मात्र आधी करून ठेवावी. साध्या वाडग्याला सर्वसाधारणपणे आठशे ते बाराशे येन पडतात, आणि बरीच यंत्रे हजार येनच्या नोटेपलीकडे काही स्वीकारत नाहीत. दहा हजारांची नोट पुढे केली की ती तितक्याच नम्रपणे परत येते. शिवाय जुलै 2024मध्ये जपानने नव्या नोटा चलनात आणल्या, त्यांत हजारच्या नोटेवर जीवाणुशास्त्रज्ञ कितासातो शिबासाबुरो यांचे चित्र आहे. त्या नोटा ओळखण्यासाठी यंत्रे बदलणे लहान दुकानदारांना खर्चिक पडले, त्यामुळे काही ठिकाणी अजूनही जुनीच नोट चालते. म्हणून शंभर आणि पाचशेची नाणी खिशात असणे सर्वांत सोयीचे. शहरांतील नव्या यंत्रांवर चित्रे, इंग्रजी आणि कार्ड या तिन्ही सोयी असतात, पण त्यावर विसंबून निघू नये.

मागे रांग असेल तर सरळ बाजूला होऊन दोन माणसांना पुढे जाऊ द्यावे आणि ती काय करतात ते पाहावे. कुपन हाती आले की ते काउंटरवर ठेवायचे. काही ठिकाणी याच वेळी आचारी एखादा प्रश्न विचारतो. तो नूडल्स किती कडक हवेत, रस्सा किती दाट हवा किंवा लसूण घालायची का, यांपैकीच असतो. कळले नाही तर ‘फुत्सू’ म्हणावे, म्हणजे नेहमीसारखे मिळते.

प्रश्न : आम्ही दोघे शाकाहारी आहोत, अंडे चालते. सहल कंपनीच्या माणसाने सांगितले की रामेनच्या दुकानात ‘मांस काढून द्या’ म्हटले की झाले. हे खरे आहे का? (पुणे)

उत्तर : खरे नाही, आणि या एका गैरसमजामुळे अनेक शाकाहारी मराठी प्रवासी न कळत मासे-मांस खाऊन परत येतात. रामेनच्या वाडग्यात वर ठेवलेले मांसाचे काप हा मांसाहाराचा सर्वांत लहान भाग असतो. मोठा भाग रश्श्यात असतो, आणि रस्सा हाच तर रामेनचा प्राण. क्यूशू बेटावरील फुकुओकाकडचा तोन्कोत्सु रस्सा डुकराची हाडे तासन्‌तास उकळून दुधासारखा पांढरट केलेला असतो. टोकियोकडचा सोया सॉसचा रस्सा बहुधा कोंबडीच्या हाडांवर आणि सुक्या माशांवर उभा असतो. उत्तरेतील साप्पोरोचा मिसो रामेन मिसोमुळे, म्हणजे सोयाबीनच्या आंबवलेल्या लगद्यामुळे, शाकाहारी वाटतो, पण मिसो तिथे केवळ चवीला असतो आणि खालचा रस्सा हाडांचाच असतो. हाकोदातेचा मिठाचा रामेन दिसायला अगदी नितळ असतो, तरी त्याचेही तेच.

मग निदान सोबा किंवा उदोन तरी निर्धोक असेल, असे वाटते. त्या वाडग्यात मांस नसते, वर पालकाची चार पाने आणि कांद्याची पात असते, रस्साही पातळ असतो. पण तो रस्सा म्हणजे दाशि, आणि दाशि बनते ती कात्सुओबुशिपासून, म्हणजे बोनिटो जातीचा मासा शिजवून, धुरी देऊन, लाकडासारखा टणक होईपर्यंत वाळवून किसलेल्या पापुद्र्यांपासून. उदोनसाठी प्रसिद्ध असलेल्या शिकोकू बेटावरील कागावा प्रांतात त्याऐवजी वाळवलेली छोटी मासळी वापरतात. थंड सोबा ज्यात बुडवून खातात त्या काळ्या सॉसमध्येही दाशि असते. टेबलावरच्या सोया सॉसच्या बाटलीतही कधी कधी ती मिसळलेली असते. वरून घेतलेल्या काकिआगेचे तसेच. ती आपल्या खेकडा भजीची जपानी बहीण, कांदा-गाजराच्या पातळ फोडी पिठात गोळा करून तळलेली, पण तिच्यात बारीक कोळंबी असण्याची शक्यता दाट असते आणि तेल तर सगळ्या तळणाला एकच.

दुकानातील माणूस आपल्याला फसवत असतो असे मुळीच नाही. ‘निकु’ म्हणजे मांस, आणि रोजच्या बोलण्यात त्यात मासा येत नाही. दाशि ही तर त्याच्या लेखी चव आहे, पदार्थ नव्हे. ‘मांस नको’ म्हटल्यावर तो प्रामाणिकपणे काप काढून वाडगा देतो आणि आपण प्रामाणिकपणे तो खातो.

आमचा सल्ला असा की साध्या दुकानात जाऊन उलटतपासणी करू नये. तिथे रस्सा पहाटेपासून एकाच मोठ्या पातेल्यात उकळत असतो, त्यातून आपल्यासाठी वेगळे काही निघू शकत नाही आणि नाही म्हणताना त्या माणसालाही अवघडल्यासारखे होते. त्यापेक्षा शाकाहारी रामेन मुद्दाम बनवणाऱ्या दुकानाचा शोध प्रवासाआधीच घ्यावा. टोकियो स्टेशनच्या आवारात, तिकिटाच्या दारांच्या आतल्या बाजूला ‘टीज तानतान’ नावाचे दुकान आहे. तिथे सगळाच स्वयंपाक प्राणिजन्य पदार्थांशिवाय होतो, आणि तिळाच्या कुटातील तिखट तानतान नूडल्स मराठी जिभेला सहज रुचतात. ते आत असल्यामुळे गाडी बदलताना जाणे सोयीचे, बाहेरून यायचे तर प्रवेशाचे तिकीट काढावे लागते. मोठ्या शहरांत अशी दुकाने आता बरीच झाली आहेत. ‘व्हीगन’ हा शब्द जपानीत ‘बीगान’ असा उच्चारला जातो आणि तो ‘व्हेजिटेरियन’पेक्षा अधिक नेमका समजला जातो. अंडे चालणाऱ्यांनीही विचारताना तोच वापरावा, कारण त्यामुळे दाशिचा प्रश्न आपोआप मिटतो.

विचारणे भागच पडले तर हे वाक्य मोबाइलवर जपानी लिपीत तयार ठेवावे आणि दाखवावे : ‘निकु मो साकाना मो ताबेमासेन. कात्सुओ दाशि मो दामे देसु.’ मांस आणि मासा दोन्ही खात नाही, माशाची दाशिही चालत नाही, असा त्याचा अर्थ होतो. उत्तर म्हणून दुकानदाराने हातांची फुली केली, तर ती नाराजी समजू नये. ‘जमणार नाही’ याची तिथली ती नेहमीची खूण आहे.

कांदा-लसूणही वर्ज्य असणाऱ्यांना व्हीगन रामेनही बहुधा चालणार नाही, कारण तिखट रश्श्याची चव त्यांवरच असते. त्यांनी बौद्ध मठांतील शोजिन र्‍योरीकडे वळावे. त्या परंपरेत मांस-मासे नाहीतच, कांदा-लसणासारखे उग्र कंदही नाहीत, आणि दाशि कोम्बु समुद्रशैवाल व शिताके अळंबीची असते. कोयासान पर्वतावरील मठांत मुक्कामासह असे जेवण मिळते. तिथल्या विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा पुतळा 2015मध्ये उभारला गेला असल्याने महाराष्ट्रातील अनेकांची पावले तिकडे वळतात. त्यांनी मठातील जेवण चुकवू नये, मात्र तिथे रामेन मिळेल अशी अपेक्षाही ठेवू नये.

प्रश्न : सोबाच्या नूडल्स बकव्हीटच्या, म्हणजे कुट्टूच्या असतात, असे वाचले. मग उपवासाला चालतील का? (नाशिक)

उत्तर : कुट्टू हे बरोबर आहे, पण उपवास मात्र मोडेल. नेहमीच्या चांगल्या सोबात आठ भाग कुट्टू आणि दोन भाग गहू असतो, कारण नुसत्या कुट्टूच्या पिठाला चिवटपणा नसतो आणि शेवया तुटतात. स्टेशनच्या फलाटावर उभ्याने खायच्या स्वस्त सोबात तर गव्हाचेच प्रमाण बऱ्याचदा अधिक असते. गहू अजिबात नसलेल्या सोबाला ‘जूवारी’ म्हणतात, तो खास दुकानांत आणि थोड्या जादा किमतीत मिळतो, पण सोबतचा सॉस माशाच्या दाशिचा. महाराष्ट्रात उपवासाला कुट्टू चालतो की नाही हा वाद घरोघरी वेगळा आहे आणि त्यात आम्ही पडत नाही.

एक सूचना मात्र गंभीरपणे करतो. कुट्टूची ॲलर्जी काही जणांना फार तीव्र असते, आणि आपल्याकडे तो क्वचित खाल्ला जात असल्याने ती असल्याचे माहीतही नसते. अनेक दुकानांत सोबा आणि उदोन एकाच पाण्यात उकळतात, त्यामुळे ॲलर्जी असलेल्याने अशा दुकानात उदोन मागवूनही धोका टळत नाही. गहू वर्ज्य असणाऱ्यांनाही याच कारणाने जूवारी सोबावर भरवसा ठेवता येत नाही, शिवाय सोया सॉसमध्येही गहू असतोच.

प्रश्न : आयुष्यभर मुलांना ‘भुरके मारू नका’ म्हणून दटावले आणि आता तिथे जाऊन आम्हीच भुरके मारायचे का? न मारल्यास अपमान होतो, असे सुनेचे म्हणणे आहे. (कोल्हापूर)

उत्तर : अपमान होत नाही. भुरके मारण्याची मुभा आहे, सक्ती नाही. रामेन उकळता वाढला जातो आणि दोन-चार मिनिटांत नूडल्स रश्श्यात फुगू लागतात, म्हणून गरम असतानाच खाणे भाग असते. हवेसह ओढून घेतल्याने घास तोंडात जाता जाता निवतो आणि वासही नाकापर्यंत पोचतो. सोबाचे शौकीन तर त्या वासासाठीच आवाज करतात. कोल्हापूरकरांना कट ओरपण्याची सवय असल्यामुळे फारसे शिकवावे लागणार नाही. ज्यांना जमत नाही त्यांनी नूडल्स आधी चमच्यात घेऊन मग खाव्यात, कोणी वळूनही पाहत नाही.

ज्या गोष्टी खरोखर खटकतात त्या वेगळ्या आहेत. चॉपस्टिक्स भातात उभ्या खोचू नयेत आणि एकाच्या चॉपस्टिक्समधून दुसऱ्याच्या चॉपस्टिक्समध्ये घास देऊ नये. पहिली रीत मृताला ठेवलेल्या भाताची आहे आणि दुसरी दहनानंतर अस्थी उचलण्याची. नवऱ्याच्या वाडग्यातील अंडे उचलून बायकोच्या वाडग्यात ठेवताना हे हमखास विसरले जाते. भर काउंटरवर फोनवर मोठ्याने बोलणेही टाळावे. जेवून झाल्यावर वाडगा काउंटरच्या वरच्या फळीवर ठेवून ‘गोचिसोसामा’ म्हटले की आतून उत्तर येते. टीप ठेवू नये, ठेवली तर विसरलेले पैसे समजून तुमच्या मागे कोणी धावत येईल.

प्रश्न : आम्ही सहा जण आहोत, त्यांत सासूबाई आणि पाच वर्षांची मुलगी. तीन वाडगे घेऊन वाटून खाल्ले तर चालेल का? सासूबाईंसाठी घरची लसणाची चटणी बरोबर असते. (डोंबिवली)

उत्तर : लहान रामेनच्या दुकानात दोन्ही गोष्टी चालणार नाहीत. आठ-दहा उंच स्टुलांचे काउंटर, मागे भिंतीला चिकटून माणूस जाईल एवढीच वाट, आणि बाहेर रांग, असा तो मामला असतो. माणशी एक वाडगा अशी अपेक्षा असते आणि ती अनेक ठिकाणी दारावर लिहिलेलीही असते. जागा अडवून ठेवता येत नाही, सगळे जण आल्याशिवाय रांगेत घेत नाहीत, आणि सहा जणांना शेजारी शेजारी जागा मिळेल याची शाश्वती नसते. तिथला माणूस येतो, खातो आणि वीस मिनिटांच्या आत उठतो. हजार येनला वाडगा विकणाऱ्या मालकाचे गणित त्या वीस मिनिटांवरच चालते, म्हणून जेवण झाल्यावर गप्पा मारत बसणे तिथे वाढलेले अन्न टाकण्यापेक्षाही वाईट दिसते.

आपल्यासारख्या कुटुंबाने मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरच्या वरच्या मजल्यांवरील उपाहारगृहे पाहावीत. तिथे टेबले असतात, लहान मुलांच्या खुर्च्या असतात, आणि बाहेरच्या काचेत प्रत्येक पदार्थाची प्लास्टिकची हुबेहूब प्रतिकृती किमतीसह मांडलेली असल्याने बोटाने दाखवून मागवता येते. ताट उचलून पुढे सरकत जायच्या उदोनच्या साखळी दुकानांतही मुलांना छान वाटते. सर्वांत लहान आकाराचा वाडगा मुलीपुरता होतो आणि जादा रिकामी वाटी मागितली तर आनंदाने देतात. साडेअकराच्या आत किंवा दीडनंतर जावे. तीनला मात्र उशीर होतो, कारण अनेक दुकाने दुपार आणि रात्र यांच्या मध्ये बंद असतात आणि काही तर रस्सा संपला की त्या दिवसापुरती पाटी फिरवतात.

चटणीबद्दल सांगायचे तर बाहेरचे खाद्य आत काढू नये. सासूबाईंना तिखटाची उणीव टेबलावरच भरून काढता येईल. सोबा-उदोनच्या दुकानात शिचिमी असते, म्हणजे लाल मिरची, संत्र्याची साल, तीळ, सांशो मिरी वगैरे सात जिनसांची भुकटी. टोकियोतील आसाकुसा भागातील यागेनबोरी हे दुकान 1625पासून ती विकते आहे, आणि तिथे समोर मिसळून देतात, तिखट जास्त मागता येते. परत येताना नेण्याजोगी ती वस्तू आहे. रामेनच्या दुकानात मिरचीचे तेल, पांढरी मिरी, कधी ठेचायला अख्खी लसूण आणि चिमटा, तर फुकुओकाकडे लाल आले आणि मोहरीच्या पानांचे तिखट लोणचे असते. पहिले चार घास तसेच खाऊन मग हात लावावा, एवढा संकेत पाळला तर मालकालाही बरे वाटते.

प्रश्न : रक्तदाब आहे. रामेन खावा की नाही? (सोलापूर)

उत्तर : औषधांविषयी आपल्या डॉक्टरांनाच विचारावे. मिठाचा हिशेब सांगतो. जपानच्या आरोग्य मंत्रालयाने प्रौढ पुरुषाला दिवसाला साडेसात आणि स्त्रीला साडेसहा ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे, असे म्हटले आहे. जागतिक आरोग्य संघटना त्याहून कमी, पाच ग्रॅमच्या आत सांगते. रामेनचा एक वाडगा रश्श्यासह संपवला तर सुमारे सहा ग्रॅम किंवा त्याहून अधिक मीठ पोटात जाते, आणि त्यातील अर्ध्याहून अधिक रश्श्यात असते. म्हणजे रस्सा वाडग्यात सोडला की प्रश्न निम्म्याने सुटतो, आणि तो सोडल्याबद्दल कोणी रागावत नाही. थंड सोबा घेतल्यास सॉसमध्ये केवळ टोक बुडवावे. शेवटी सोबा उकळलेले गरम पाणी एका लहान किटलीत आणून देतात, त्याला सोबायू म्हणतात. ते उरलेल्या सॉसमध्ये ओतून पितात, अतिशय चवदार लागते, पण रक्तदाबवाल्याने सॉस न मिसळता नुसतेच प्यावे.

प्रश्न : मांसाहारी आहे, एकटा आहे आणि फुकुओकाला जातो आहे. तिथे एकदा वाडगा संपल्यावर नुसत्या नूडल्स पुन्हा मागवतात म्हणे. कसे मागवायचे? (नागपूर)

उत्तर : या सबंध पत्रव्यवहारात रामेनसाठी सर्वांत योग्य प्रवासी आपणच दिसता. त्या प्रकाराला ‘काएदामा’ म्हणतात आणि तो फुकुओकाच्या नागाहामा मासळीबाजाराच्या परिसरातून पसरला. बाजारातील माणसांना वेळ नसे, म्हणून पटकन शिजणाऱ्या अगदी बारीक नूडल्स आल्या. पण बारीक नूडल्स रश्श्यात लवकर मऊ पडतात, म्हणून पहिल्या वाडग्यात त्या कमीच घालायच्या आणि लागल्या तर ताज्या पुन्हा वाढायच्या, ही रीत पडली. त्यामुळे तिथला पहिला वाडगा लहान वाटला तर दुकानदार कंजूष आहे असे समजू नये, आणि भुकेपोटी सुरुवातीलाच मोठा वाडगा शोधू नये.

नूडल्स किती शिजवायच्या हेही तिथे आपण सांगायचे असते. ‘यावा’ म्हणजे मऊ, ‘फुत्सू’ म्हणजे नेहमीच्या, ‘काता’ म्हणजे कडक आणि ‘बारीकाता’ म्हणजे फारच कडक. पहिल्या खेपेला काता मागावे. त्याहून पुढच्या पायऱ्यांत पिठाची कच्ची चव राहते, ती स्थानिकांच्या हौसेची बाब आहे. एकट्याला संकोच वाटत असेल तर याच शहरातून पसरलेल्या इचिरान या साखळीत दोन्ही बाजूंना लाकडी आडोसे असलेल्या एकेकट्या जागा असतात आणि सगळी आवड छापील कागदावर गोल करून कळवायची असते, कोणाशी एक शब्द बोलावा लागत नाही. त्याच शहरातील नाकासु भागात रात्री नदीकाठी गाड्या लागतात, तिथे मात्र खांद्याला खांदा लावून बसावे लागते आणि शेजारी आपण होऊन बोलतात.

काएदामाची वेळ साधणे महत्त्वाचे. वाडग्यात शेवटचे दोन-तीन घास उरले असतानाच मागावे, कारण नूडल्स मिनिटाच्या आत येतात. शे-दीडशे येनची नाणी काउंटरवर ठेवून ‘काएदामा, काता दे’ म्हटले की पुरते. जिथे यंत्र आहे तिथे काएदामाचे कुपन आधीच काढून ठेवता येते. नव्या नूडल्स आल्या की रस्सा थोडा फिका पडतो, तेव्हा टेबलावरच्या किटलीतील गडद सॉस चमचाभर घालावा. आणि पहिल्या फेरीत रस्सा पिऊन टाकू नये, निदान अर्धा वाडगा शिल्लक ठेवावा, नाहीतर दुसऱ्या नूडल्स कोरड्याच खाव्या लागतील.